ऑपरेशन छोटं, पण आधीच्या तपासण्यांचं बिल कोण भरणार?

समजा, तुमच्या वडिलांना उजव्या बाजूचा हर्निया आहे. सर्जनने तपासलं, ऑपरेशन ठरलं. मग रक्त-लघवीच्या तपासण्या, ईसीजी, वय पाहून टू-डी एको, फिजिशियनकडून 'फिटनेस' आणि शेवटी भूलतज्ज्ञांची तपासणी. यात आठ-दहा दिवस आणि पाच-सात हजार रुपये गेले. ऑपरेशन नीट झालं, कॅशलेस मंजूर झालं, डिस्चार्जच्या वेळी काउंटरवर फारसे पैसे भरावे लागले नाहीत. घरी आल्यावर कोणीतरी विचारतं, "आधीच्या टेस्टचे पैसे मिळाले का?" तेव्हा लक्षात येतं की त्या पावत्या निरनिराळ्या पिशव्यांत आहेत, दोन सापडत नाहीत आणि कॅशलेसमध्ये त्यांचा हिशेब धरलाच गेला नव्हता.

गेल्या दोन वर्षांत आरोग्य विम्याच्या नियमांत बरेच बदल झाले. विमा नियामक संस्थेने, म्हणजे आयआरडीएआयने, २९ मे २०२४ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. त्याहून उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जादा आकार लावला, तर तो विमा कंपनीने सोसायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही गेला. या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, आणि बदल चांगलेच आहेत. पण नियमांचं हे घड्याळ सुरू होतं ते हॉस्पिटलच्या ॲडमिशन काउंटरवर. त्याच्या आधी, ओपीडीत आणि लॅबमध्ये तुमच्या खिशातून जे जातं, त्याचे नियम जवळजवळ जसेच्या तसे आहेत. छोट्या ऑपरेशनमध्ये हाच भाग एकूण खर्चाच्या मानाने मोठा असतो. बायपासच्या बिलात सात हजारांच्या तपासण्या दिसतही नाहीत. तीस-चाळीस हजारांच्या ऑपरेशनमध्ये त्या चांगल्याच जाणवतात.

'छोटं' कोणाच्या लेखी?

आम्ही सर्जन बोलताना ज्याला 'छोटं ऑपरेशन' म्हणतो आणि विमा कंपनी ज्या नजरेने त्याकडे पाहते, त्यात फरक आहे. ऑपरेशन छोटं की मोठं, याच्याशी विमा पॉलिसीला फारसं देणंघेणं नसतं. तिचे प्रश्न असे असतात: रुग्ण सलग २४ तास दाखल होता का? नसेल, तर ही 'डे-केअर' शस्त्रक्रिया आहे का? आणि तीही नसेल, तर हे ओपीडीतलं काम आहे का?

डे-केअरची व्याख्या सगळ्या कंपन्यांसाठी एकच ठरवून दिलेली आहे. पूर्वी ज्यासाठी २४ तासांहून जास्त राहावं लागलं असतं, पण तंत्रज्ञान सुधारल्यामुळे आता काही तासांत होतं, आणि जे भूल देऊन (पूर्ण किंवा स्थानिक) हॉस्पिटलमध्ये किंवा डे-केअर केंद्रात केलं जातं, ते डे-केअर. मोतीबिंदू हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. पण त्याच व्याख्येत शेवटी एक ओळ आहे: जे उपचार एरवी ओपीडीतच केले जातात, ते यात धरले जाणार नाहीत.

त्यामुळे पाठीवरची चरबीची गाठ, नखुरडं, कानाच्या पाळीची फाटलेली भोकं शिवणं, चामखीळ काढणं ही कामं स्थानिक भूल देऊन अर्ध्या तासात झाली, तर साध्या मेडिक्लेममध्ये त्यांचे पैसे मिळण्याची शक्यता कमी. आणि मुख्य काम मिळण्यासारखं नसेल, तर त्याआधीच्या तपासण्यांचा प्रश्नच उरत नाही. अशा वेळी तपासण्यांच्या पावत्या जपण्यापेक्षा, त्या तपासण्या लागणार आहेत का, हे आधी विचारा. तुमच्या पॉलिसीत ओपीडीचं वेगळं कवच असेल, तर मात्र पावत्या जपा.

तीन अटी, आणि तिन्ही एकदम

ॲडमिशनआधीच्या खर्चाला पॉलिसीच्या भाषेत 'प्री-हॉस्पिटलायझेशन' म्हणतात. तो मिळण्यासाठी तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. खर्च ठरावीक दिवसांच्या आत झालेला हवा. ज्या आजारासाठी ॲडमिट झालात, त्याच आजारासाठी झालेला हवा. आणि ॲडमिशनचा मुख्य दावा मंजूर व्हायला हवा.

दिवस किती, हे पॉलिसीवर अवलंबून असतं. २०२० साली सगळ्या कंपन्यांना विकणं बंधनकारक केलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत ॲडमिशनआधीचे ३० दिवस आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरले जातात. अनेक पॉलिसींत ही मुदत याहून जास्त असते. तुमच्या पॉलिसीचा तक्ता एकदा उघडून हा एवढा एक आकडा पेन्सिलने अधोरेखित करून ठेवा. दिवस मोजायचे ते ॲडमिशनच्या तारखेपासून मागे. ऑपरेशन ठरलं त्या दिवसाला इथे काही किंमत नाही. सोनोग्राफी करून हर्नियाचं निदान झालं गणपतीत आणि तुम्ही ऑपरेशन दिवाळीनंतर ठेवलंत, तर ३० दिवसांच्या पॉलिसीत त्या सोनोग्राफीचे पैसे गेले.

दुसऱ्या अटीवर वाद जास्त होतात. हर्नियाच्या रुग्णाचा टू-डी एको 'त्याच आजारासाठी' कसा, असा प्रश्न कंपनीचा किंवा टीपीएचा कारकून विचारू शकतो, आणि कागदावरून पाहिलं तर तो अगदीच चुकीचा नाही. उत्तर आहे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीत. चिठ्ठीवर नुसतं 'टू-डी एको' लिहिलेलं असेल, तर ती हृदयाची तपासणी ठरते. 'उजव्या बाजूचा हर्निया, शस्त्रक्रियेपूर्वी भुलीसाठी तंदुरुस्ती तपासणे, सोबत उच्च रक्तदाब' असं लिहिलेलं असेल, तर ती हर्नियाच्या ऑपरेशनची तपासणी ठरते. डॉक्टरांना ही अर्धी ओळ लिहायला दहा सेकंद लागतात. गर्दीच्या ओपीडीत ती राहून जाते. तुम्ही मागितलीत, तर कोणी नाही म्हणणार नाही.

तिसरी अट सगळ्यांत त्रासाची आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

तपासणीत 'अनफिट' निघालात तर

ऑपरेशनआधीची तपासणी कशासाठी करतात? काही धोका असेल तर तो आधी कळावा म्हणून. म्हणजे ती तपासणी जेव्हा खरोखर कामाला येते, तेव्हा ऑपरेशन पुढे ढकललं जातं. साखर फार वाढलेली निघते, रक्तदाब आटोक्यात नसतो, ईसीजीत काहीतरी दिसतं आणि भूलतज्ज्ञ म्हणतात, "हे आधी नीट करून घ्या, मग पाहू." वैद्यकीयदृष्ट्या हा उत्तम निर्णय असतो. पण विम्याच्या हिशेबात ॲडमिशन झालीच नाही, म्हणून मुख्य दावा नाही, म्हणून आधीच्या तपासण्याही नाहीत. तपासणीने आपलं काम चोख केलं, आणि नेमकं म्हणूनच तिचे पैसे मिळाले नाहीत, असा हा उलटा प्रकार आहे. माझ्या मते हा नियमातला दोष आहे आणि नियामकाने त्याकडे पाहायला हवं. पण आज तरी नियम असा आहे.

यातून घरात जी घाई सुरू होते, तिच्याविषयी मला जास्त काळजी वाटते. "तीस दिवस संपत आलेत, डॉक्टर, उरकून टाकू या," असं नातेवाईक म्हणतात. कृपा करून हे करू नका. न ठणकणारा, आत जाणारा हर्निया महिनाभर सहसा थांबू शकतो. आटोक्यात नसलेल्या साखरेवर ऑपरेशन केलं, तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो, आणि चिघळलेल्या जखमेचा खर्च पाच हजारांच्या तपासण्यांच्या किती तरी पट असतो. (हर्निया अडकला, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर मात्र तीस दिवस काय, तीस तासही थांबायचं नाही. तेव्हा विम्याचा विचार गाडीत बसल्यावर करा.)

मग व्यवहार्य मार्ग कोणता? ऑपरेशन पुढे गेलं, तर भूलतज्ज्ञांना विचारा की आधीच्या तपासण्यांपैकी कोणत्या अजून चालतील आणि कोणत्या पुन्हा कराव्या लागतील. रक्तगट बदलत नाही. साखर मात्र पुन्हा पाहावीच लागते. तब्येतीत काही बदल नसेल, तर नुकताच केलेला एको पुन्हा करण्याची गरज सहसा नसते. ज्या पुन्हा होतील, त्या नव्या तारखेच्या आधीच्या ३० दिवसांत बसतील आणि त्यांचे पैसे मागता येतील. आणि तपासणीत निघालेल्या गोष्टीसाठीच ॲडमिट व्हावं लागलं, समजा अँजिओग्राफी आणि पुढे स्टेंट, तर तो स्वतंत्र दावा होतो. ज्या ईसीजी आणि एकोवरून हे सगळं कळलं, ते त्या दाव्याच्या 'प्री-हॉस्पिटलायझेशन'मध्ये मागता येतात. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही, कारण मनात ती तपासणी 'हर्नियाची' म्हणून नोंदलेली असते.

"ॲडमिट दाखवा ना, डॉक्टर"

यावर जो उपाय सुचवला जातो, तो आम्हा डॉक्टरांना दर आठवड्याला ऐकावा लागतो. "तपासण्यांसाठीच एक दिवस ॲडमिट करा, म्हणजे सगळं विम्यात बसेल." असं बसत नाही. प्रमाणित अपवादांच्या यादीत 'एक्सक्ल ०४' हे कलम याच कारणासाठी आहे: केवळ तपासणी आणि मूल्यमापनासाठी केलेली ॲडमिशन विम्यात धरली जात नाही, आणि चालू निदानाशी किंवा उपचाराशी संबंध नसलेल्या तपासण्याही धरल्या जात नाहीत. तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत हे कलम याच क्रमांकाने छापलेलं असेल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दाखल करून घेणं वेगळं. साखर इन्सुलिनने आटोक्यात आणायची आहे, रक्त पातळ करणारी गोळी बंद करून इंजेक्शनवर आणायचं आहे, अशी कारणं असतील तर ती केस पेपरवर लिहिलेली असतात आणि ती टिकतात. काही कारण नसताना आदल्या दिवशी खोली घेतली, तर त्या दिवसाचं भाडं कापलं जाऊ शकतं. आणि ॲडमिट न होता ॲडमिट दाखवणं ही सरळ फसवणूक आहे. त्यात नुसता तो दावा जात नाही, पॉलिसीही रद्द होऊ शकते. उतारवयात नवी पॉलिसी मिळवणं किती कठीण असतं, हे ज्यांनी आई-वडिलांसाठी प्रयत्न केलाय, त्यांना विचारा.

पहिला कागद सगळ्यांत जास्त बोलतो

दावा तपासणारा माणूस डिस्चार्ज समरी वाचण्याआधी बहुधा पहिल्या ओपीडीची चिठ्ठी शोधतो. त्रास कधीपासून, आधीचे आजार कोणते, हे तिथे लिहिलेलं असतं. हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध, पित्ताशयातले खडे यांसारख्या आजारांना बहुतेक पॉलिसींत सुरुवातीची प्रतीक्षा मुदत असते. २०२४ च्या नियमांनुसार ही मुदत, तसंच आधीपासून असलेल्या आजारांची मुदतही, ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पूर्वी ती ४८ महिन्यांपर्यंत असे. आणि सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज 'तुम्ही आजार लपवला' असं म्हणून दावा नाकारता येत नाही.

म्हणून ओपीडीत माहिती देताना खरं सांगा आणि नेमकं सांगा. 'खूप वर्षांपासून आहे' हे आपल्याकडे सहज तोंडी येणारं वाक्य आहे. डॉक्टर ते तसंच लिहितात आणि पुढे दीड वर्ष जुनी पॉलिसी असलेल्या माणसाला ते महागात पडतं. गाठ केव्हा दिसली, दुखायला केव्हा लागली, हे घरून आठवून या. मात्र वर्षं कमी करून सांगू नका. मधुमेहाची गोळी लपवून भुलीच्या टेबलावर झोपण्याइतका वाईट व्यवहार दुसरा नाही.

एकाच तपासणीचे पैसे दोनदा?

रुग्णांचा नेहमीचा संशय असा: सर्जनने ओपीडीत फी घेतली, भूलतज्ज्ञांनी तपासणीची फी घेतली, आणि ऑपरेशनच्या बिलात सर्जनची फी आणि भुलीची फी पुन्हा आहे. हे दोनदा घेणं नाही का?

आपल्याकडे खासगी हॉस्पिटलांसाठी याचं एकच, सर्वत्र लागू होणारं उत्तर नाही. अमेरिकेत आहे, आणि त्यातला विचार समजून घेण्यासारखा आहे. तिथल्या मेडिकेअर या सरकारी विम्यात ज्या छोट्या शस्त्रक्रियांच्या मोबदल्यात त्याच दिवसाची, किंवा पुढच्या दहा दिवसांची देखरेख धरलेली असते, त्यांच्यासाठी नियम असा: त्या दिवशी रुग्णाला तपासून 'ही शस्त्रक्रिया करू या' असं ठरवणं हे शस्त्रक्रियेच्या पैशांतच आलं. रुग्ण नवा असला तरीही. तपासणीचे वेगळे पैसे केव्हा? जेव्हा त्या तपासणीत लक्षणीय आणि वेगळं ओळखू येईल असं काम झालं असेल तेव्हा. तसं असेल, तर डॉक्टरांचं ऑफिस तपासणीच्या कोडला '२५' हा आकडा जोडतं. मोठ्या शस्त्रक्रियांना वेगळा न्याय आहे. तिथे शस्त्रक्रियेचा निर्णय घेणारी तपासणी '५७' हा आकडा जोडून स्वतंत्र लावता येते. खासगी विमा कंपन्याही थोड्याफार फरकाने हीच पद्धत वापरतात, आणि या '२५'वरून डॉक्टर आणि कंपन्या यांची जुनी भांडणं आहेत. अँथेम या कंपनीने असे जोड लावलेल्या तपासणीचे पैसे कापण्याचं धोरण जाहीर केलं होतं. डॉक्टरांच्या संघटनांच्या विरोधानंतर २०१८ मध्ये ते मागे घेतलं.

हे उदाहरण एवढ्यासाठी दिलं की मुलं तिकडे असलेल्या अनेक मराठी घरांत हे बिल येतं आणि कोडं वाटतं. तीळ दाखवायला गेलात आणि डॉक्टरांनी तो तिथेच काढला, तर नुसत्या 'तीळ पाहिला' याचे वेगळे पैसे लागायला नकोत. पण त्याच भेटीत तुमचा जुना सोरायसिसही तपासून औषध बदललं असेल, तर दोन आकार योग्य आहेत. शंका आली, तर कोडसह तपशीलवार बिल मागवा आणि त्या '२५'चं कारण विचारा. भेटीला गेलेल्या आई-वडिलांचा विमा नसेल किंवा खर्च स्वतः करायचा असेल, तर ठरवून घेतलेल्या उपचारासाठी आधी लेखी अंदाजपत्रक मिळण्याचा हक्क तिथे १ जानेवारी २०२२ पासून आहे. एखाद्या डॉक्टरांचं किंवा केंद्राचं बिल त्यांच्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त वाढलं, तर दाद मागता येते.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे पॅकेज. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेत पॅकेजच्या दरात ॲडमिशनपासून डिस्चार्जपर्यंतचा मुक्काम, शस्त्रक्रिया, भूल, औषधं आणि संबंधित नेहमीच्या तपासण्या धरलेल्या असतात. छोट्या आणि डे-केअर शस्त्रक्रियेचं पॅकेज एका दिवसाचं असतं. म्हणजे त्या दिवशी पुन्हा वेगळ्या 'प्री-ऑप' तपासण्यांचं बिल लावलं, तर प्रश्न विचारायला जागा आहे.

खासगी पॅकेजमध्ये मात्र काय धरलंय, हे हॉस्पिटल ठरवतं. मोतीबिंदूचं पॅकेज घेताना विचारा: लेन्सचा नंबर काढण्याची तपासणी यात आहे का? रक्ताच्या तपासण्या? फिजिशियनची फी? ऑपरेशननंतरच्या किती भेटी? 'सगळं आलं त्यात' हे उत्तर पुरेसं नाही. अंदाजपत्रकावर लिहून घ्या. सर्जनच्या पहिल्या भेटीची फी वेगळी असणं मला गैर वाटत नाही. त्या भेटीत ऑपरेशन नको असंही ठरू शकलं असतं. पण ऑपरेशनच्या दिवशी सकाळी टेबलावर घेण्याआधी पाहिलं, त्याची 'कन्सल्टेशन' म्हणून वेगळी ओळ बिलात असेल, तर ती कशाची आहे हे जरूर विचारा.

महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांना १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याचे नियम लागू आहेत. २०२१ मध्ये त्यांत झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्ण हक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. दरांचा फलक कुठे आहे, असं काउंटरवर विचारणं हा उद्धटपणा नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या सनदेत तपासण्या कुठे करायच्या हे निवडण्याचा हक्कही रुग्णाला दिलेला आहे. मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट बाहेरचा आहे म्हणून पुन्हा सगळं करायला लावत असतील, तर वैद्यकीय कारण विचारा. कधी ते खरंच असतं.

सगळ्या तपासण्या लागतात का?

बिलाचा वाद तपासणीनंतर करण्यापेक्षा हा प्रश्न आधी विचारलेला बरा. २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मोतीबिंदूच्या सुमारे १९ हजार शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या आधी नेहमीच्या तपासण्या सरसकट केल्या, निम्म्यांच्या आधी केल्या नाहीत. गुंतागुंतीचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं, हजारी सुमारे ३१. ब्रिटनच्या 'नाईस' या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: छोट्या शस्त्रक्रियेआधी धडधाकट माणसाच्या रक्ताच्या तपासण्या, ईसीजी सरसकट करू नयेत. त्यांच्या वर्गवारीत त्वचेवरची गाठ काढणं छोटं, आणि हर्निया मात्र मध्यम धरलेला आहे.

याचा अर्थ तपासण्यांना नाही म्हणा, असा नाही. मधुमेह, रक्तदाब, किडनीचा आजार, दम लागणं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आधीच्या भुलीत झालेला त्रास, यांपैकी काही असेल तर तपासण्या हव्यातच. भूलतज्ज्ञांनी रुग्णाला प्रत्यक्ष पाहून चार प्रश्न विचारणं, हे तर छापील यादीतल्या कोणत्याही तपासणीपेक्षा मोलाचं. माझा आक्षेप आहे तो रुग्ण न पाहता हातात दिल्या जाणाऱ्या छापील यादीला. "माझ्या बाबतीत यातली कोणती तपासणी तुमचा निर्णय बदलू शकते?" हा प्रश्न नम्रपणे विचारा. चांगले डॉक्टर त्यावर रागावत नाहीत.

सरकारी योजनेत असाल तर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, आणि कवच वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांचं आहे. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. आयुष्मान भारतमध्ये ॲडमिशनआधीच्या फक्त ३ दिवसांचा आणि नंतरच्या १५ दिवसांचा खर्च धरलेला असतो. म्हणजे आठ दिवस आधी बाहेर कुठेतरी स्वतःच्या पैशाने तपासण्या करून मग योजनेच्या रुग्णालयात जाणं, हा उलटा क्रम झाला. आधी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, तिथे नोंद करा आणि तपासण्या तिथूनच सुरू करा. योजनेतल्या मंजूर ऑपरेशनसाठी तपासण्यांचे वेगळे पैसे कोणी मागितले, तर आरोग्यमित्राला लगेच सांगा, किंवा १५५३८८ वर तक्रार करा. नंतर पैसे परत मिळवणं फार अवघड जातं.

कागद कुठे द्यायचे, आणि नाही म्हटलं तर

कॅशलेसमध्ये हॉस्पिटलचं बिल भागतं. आधीच्या तपासण्यांचा दावा तुम्हाला वेगळा करावा लागतो, परतफेडीचा फॉर्म भरून. आरोग्य संजीवनीत त्याची मुदत डिस्चार्जपासून ३० दिवस आहे. तुमच्या पॉलिसीत वेगळी असू शकते. सोबत काय हवं? तपासणी सांगणारी चिठ्ठी, तपासणीची मूळ पावती, रिपोर्ट, औषधांची बिलं, डिस्चार्ज समरीची प्रत आणि कॅशलेस मंजुरीचा क्रमांक. पावतीवरचं नाव पॉलिसीतल्या नावाशी जुळायला हवं. आपल्याकडे हा घोळ फार. आधार कार्डावर एक, लॅबच्या पावतीवर 'आजी' असा उल्लेख आणि पॉलिसीवर माहेरचं नाव, असं तीन नावांचं एकच माणूस मी पाहिलं आहे. सगळ्या कागदांचे मोबाइलवर फोटो काढून मगच मूळ कागद द्या.

पैसे कापले गेले, तर कापण्याचं कारण लेखी मागा. खोलीचं भाडं मर्यादेपेक्षा जास्त होतं म्हणून सगळ्याच बिलाला त्या प्रमाणात कात्री लावतात. पण नियमांनुसार औषधं, वापरून टाकायच्या वस्तू, शरीरात बसवलेल्या वस्तू आणि तपासण्या यांवर अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही. हिशेबाच्या पत्रात तपासण्यांच्या ओळीसमोर तशी कपात दिसली, तर ती परत मागा. दावा पूर्ण नाकारायचा असेल, तर कंपनीतल्या क्लेम रिव्ह्यू समितीची मंजुरी लागते आणि पॉलिसीतल्या कोणत्या अटीनुसार नाकारला, हे कळवावं लागतं.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करा. 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, ऑनलाइनही अर्ज करता येतो. फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, आणि पाच हजारांचेही चालतात. लोकपालांचा निकाल तुमच्या बाजूने लागूनही कंपनीने ३० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये तिला तुम्हाला द्यावे लागतात.